शाळेच्या मैदानावर टर्फ टाकतायत, तेही अकोल्याच्या उन्हात. सभेत काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मुलगा अकोल्यात सातवीत आहे. शाळेचं मैदान मुरमाचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा आणि बारा महिने फुटलेले गुडघे, त्यामुळे मैदान सुधारायला हवं यात वादच नाही. आता संस्थेने ठरवलंय की नव्या सत्राच्या आत पूर्ण मैदानावर कृत्रिम टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकायचं. थोडी वर्गणी पालकांनी द्यायची, बाकी संस्था बघणार.

पालकसभेत ठेकेदार नमुना घेऊन आला होता. वीतभर हिरवा तुकडा. मऊपणा दाखवायला त्याने तो टेबलावर दोनदा थोपटला, तर पांढऱ्या टेबलक्लॉथवर काळा बारीक चुरा सांडला. चिमूटभर घेऊन चोळला, वास थेट पंक्चरवाल्याच्या दुकानातला. "मॅडम, तो इनफिल. पडलं तरी लागत नाही." म्हणजे पात्यांच्या मधे भरायचा जुन्या टायरांचा चुरा. तासावर भाड्याने मिळतं त्या टर्फवर खेळून आलं की मुलाच्या मोज्यांतून हाच निघतो आणि वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकतो.

तेव्हापासून वर्गाच्या ग्रुपवर महाभारत सुरू आहे. अर्धे म्हणतात कॅन्सर होतो, अर्धे म्हणतात मुंबई-पुण्यात सगळीकडे आहे, तुम्हालाच बरी काळजी. मी जमेल तेवढं वाचलं. कॅन्सरची चर्चा मुख्यतः अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून पसरली. तिथल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षिकेने आजारी खेळाडूंची यादी केली होती, त्यात गोलकीपर बरेच. २०१४ मध्ये त्याची बातमी झाली. राज्याच्या आरोग्य खात्याने तपासलं आणि २०१७ मध्ये सांगितलं की अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण दिसत नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) २०२४ च्या अहवालाचाही सूर तोच: चुऱ्यात रसायनं आहेत, पण खेळणाऱ्याच्या शरीरात जाण्याची शक्यता मर्यादित दिसते. तेव्हा कॅन्सर-कॅन्सर करत सभेत उभं राहायची माझी तयारी नाही. पहिल्याच प्रश्नाला तोंडावर पडू.

युरोपने मात्र ऑगस्ट २०२२ पासून या चुऱ्यातल्या आठ घातक हायड्रोकार्बनांची एकत्रित मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठेवली आहे. शिवाय ऑक्टोबर २०३१ पासून असा चुरा तिथे विकताच येणार नाही. ही बंदी मायक्रोप्लास्टिकमुळे, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांमुळे, चुरा पावसात वाहून जातो म्हणून. आमच्या मैदानाचं पाणी नाल्यातून मोर्णा नदीत जातं.

माझी खरी धास्ती उन्हाची आहे, आणि ग्रुपवर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अमेरिकेतल्या यूटामध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये मोजमाप केलं होतं. हवा साधारण ३७ अंश, आणि टर्फचा पृष्ठभाग ९३! पाणी मारल्यावर ७९ वरून २९ वर आला, पण पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत ७३. आपल्याकडे ३७ म्हणजे मार्च. एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते हे खरं, पण पीटीचा तास दहाला असला तर? आणि पाणी मारायचं कुठून? नळ चार-पाच दिवसांआड येतो. ठेकेदाराला विचारलं तर म्हणे, "हिरवं आहे ना मॅडम, थंडच वाटतं." मुख्याध्यापक मान डोलावत होते.

तर मदत अशी हवी:

ठेकेदाराकडून कोणते कागद मागायचे? "सर्टिफाइड आहे" एवढंच ऐकतोय.

टायरच्या चुऱ्याऐवजी दुसरं काही भरता येतं का, आणि विदर्भाच्या उन्हात ते टिकतं का?

घसरून चामडी सोलवटली तर काय काळजी घ्यावी? २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात अशाच सोलवटलेल्या जागी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग झाला होता, पाच खेळाडूंना. पोरं तर जखम दाखवतसुद्धा नाहीत.

संस्थेशी भांडण नकोय, मुलाला तिथेच शिकायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात टर्फ भाड्याने देतो, त्यामुळे धंद्याच्या विरुद्ध बोलतोय असं समजा. आमचं एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच रिकामंच असतं, फुकट दिलं तरी कुणी येत नाही. शाळेची मुलं नेमकी दिवसा खेळणार, हा फरक सभेत सांगा.

जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) आणि पात्याची उंची यावर वेळ घालवू नका, ठेकेदार तिथेच गुंतवतो. वॉरंटी पाती उडण्याची-फिकटण्याची असते, मुलांच्या सुरक्षिततेची नाही. मागायचं ते असं: येणाऱ्या लॉटचाच लॅब रिपोर्ट, हायड्रोकार्बन आणि शिसं दोन्हीचा, ब्रोशरमधला नको. दुसरं, खाली शॉकपॅड (धक्का शोषणारा थर) आहे की थेट खडीवर अंथरणार? तिसरं, दरवर्षी आघात-चाचणी कोण करणार? जी-मॅक्स, म्हणजे पडल्यावर बसणाऱ्या धक्क्याचं माप, २०० च्या वर गेलं की त्या जागी मुलांना खेळू देऊ नये. गोलपोस्टसमोर चुरा सरकून जागा कडक होते, ब्रश मारला नाही तर वर्षभरात. शाळेत ब्रश कोण मारणार, शिपाईमामा?

काथ्या किंवा बुचाचा इनफिल कमी तापतो, पण काथ्या ओला ठेवावा लागतो. तुमच्याकडे पाण्याचं तेच रडगाणं. सोलवटलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा, झाकून ठेवा, टॉवेल एकमेकांचा वापरू देऊ नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडून तरी आणा आणि एकाच दुपारी गावातल्या एखाद्या टर्फवर आणि तुमच्या मुरमावर धरा. आकडा फोटोसकट दाखवा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. थर्मामीटर एका पालकाच्या कारखान्यात आहे, उद्याच मागवते. लॉटचा रिपोर्ट आणि ब्रशिंगची जबाबदारी हे दोन्ही मुद्दे लेखी देते. अर्ध्या मैदानावर टर्फ आणि अर्ध्यावर चाळलेली लाल माती दाबून, असा पर्याय ठेवावा असं मनात आहे. नागपूर-अमरावतीकडच्या कुणी शाळेत मातीचं मैदान नीट राखलंय का? रोलर आणि पाण्याचा महिन्याचा खर्च कळला तर सभेआधी हिशेब मांडता येईल. पुढची सभा शनिवारी आहे.