लिथियम, थरथर आणि घरचे : अनुभव लिहा

सायली_क : माळ्यावरची कागदपत्रं आवरताना आईची जुनी फाइल सापडली. सीरम लिथियम, म्हणजे मूडच्या आजारावरच्या तिच्या लिथियम गोळ्यांची रक्तातली लेव्हल, २.१. मे महिना, लग्नघर, आईला जुलाब, आणि गोळ्या नेहमीप्रमाणे चालू. हात तिचा आधीपासूनच थरथरायचा, कप अर्धाच भरून द्यायचो. त्या दिवशी मात्र निऱ्या धरता येईनात, जीभ जड, चालताना झोकांड्या. पाहुणे म्हणे ऊन लागलं. आतेभावाने तर "मामी, घेतलीय का?" असा विनोदही केला. थेट डायलिसिस! किडनीचा आजार नसताना डायलिसिस कशाला म्हणून बाबा डॉक्टरांशी भांडले. लिथियम किडनीवाटेच बाहेर पडतं, साठलं की असं काढावं लागतं. तुमच्याकडे कुणाचं?

रानवारा : दादा. गुडघ्यासाठी केमिस्टकडून आयबुप्रोफेन. थोड्याच दिवसांत भाताचा घास गालाला लागायला लागला. मानसोपचारवाल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "दुखण्याची गोळी घेताय का?"

चकली : अगं बाई. आमचे हे सकाळची गोळी घेऊनच रक्त द्यायला जातात. चालतं ना?

सायली_क : नाही गं, रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त. सकाळची गोळी नंतर.

नागपुरी_संत्रं : बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार) मी स्वतः. लेव्हल ०.६ ते १ मध्ये ठेवतात. बारीक थरथर आहे, म्हणून दाढी मशीननेच. उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक सोबत. हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नका बरं का. केल्यावर काय होतं ते आमच्या सौ.ला विचारा, ती वेगळा धागा काढेल.

शेवंता : लिथियम नाही, वहिनीला व्हॅल्प्रोएट, तीही मूडचीच गोळी. दिवसभर पेंगायची, एकच प्रश्न परत परत. सासूबाईंच्या मते नाटकं. लिव्हरचे रिपोर्ट चांगले, पण रक्तातला अमोनिया वाढलेला! गोळी बदलली, माणूस परत आलं.

आजी_ऑनलाइन : सासऱ्यांना बीपी म्हणून शेजारणीने अळणी खायला सांगितलं. मीठ तोडलं की शरीर लिथियम धरून ठेवतं. त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी. हात असे हलायचे की पेपर फडफडायचा. तेव्हापासून शेजारणीकडून फक्त विरजण घेते.

रानवारा : हाहा आजी!! सायली, आई आता बरी ना?

सायली_क : मूड छान आहे, औषध बदललंय. पण जिना उतरताना कठडा लागतोच. लेव्हल उतरली तरी काहींचा मेंदूतला तोलाचा भाग दुखावलेलाच राहतो. वेळेवर लेव्हल केली असती तर, हे बाबा अजून बोलतात. कुकर झाला, येते.

चकली : आजी, उपवासाचं विचारते, साबुदाणा गिचका होतोय.

आजी_ऑनलाइन : पाणी बुडेल इतकंच घाल. आणि कूट आधी, मीठ मग. मीठ घालच हो!