जुन्या पिकअपचे आवाज : तुमच्या गाडीनं काय सांगितलं, ते लिहा

आमची पिकअप 2014 ची. परवा ओतूरच्या पुढे मीटरनं 3 लाख 12 हजार ओलांडले. हंगामात टोमॅटो घेऊन माळशेज उतरून कल्याणला, कधी वाशीला. बाकी वर्षभर खत, कांदा, जे भाडं मिळेल ते. गेले दोन आठवडे चाळीसच्या वर गेलं की मागून ‘घूंऽऽ’ असा एकसारखा आवाज येतो. वडील म्हणतात टायर, ड्रायव्हर म्हणतो बेअरिंग, गॅरेजवाले म्हणतात क्राऊन-पिनियन (मागच्या अॅक्सलमधली दातेरी चाकं) गेलं, डिफरन्शियल (ती चाकं असलेली पेटी) उघडू. तीन माणसं, तीन खर्च, आणि तिघांतला कोणीही गाडीचं वाईट चिंतणारा नाही. उघडण्याआधी मला समजून घ्यायचं आहे. तुमच्या जास्त चाललेल्या गाडीतला आवाज कसा सुरू झाला, कुणी काय सांगितलं आणि शेवटी काय निघालं, ते सविस्तर लिहा. फसलेले अंदाजही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होईल.

पिंपळगाव बसवंत, द्राक्षाची गाडी

आमचा आवाज अगदी छोटा होता. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला की खालून एक ‘टक’. एकदाच. नंतर दिवसभर काही नाही. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं वाजणारच, असं म्हणून मी तीन महिने काढले. मग हळू चालवताना पाखरू चिवचिवल्यासारखं ‘चिक-चिक-चिक’ सुरू झालं, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारं. तेही सोडून दिलं, कारण हंगाम चालू होता.

कसारा घाटाच्या अलीकडे, माल भरलेला असताना, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मागचा क्रॉस (त्याचा सांधा) तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर आपटला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. नशीब की रस्ता सपाट होता. घाटात झालं असतं तर इंजिनचा रोध चाकांपर्यंत पोचलाच नसता, सगळा भार नुसत्या ब्रेकवर आला असता. पाच तास रस्त्याच्या कडेला होतो. द्राक्षं उन्हात.

जुना क्रॉस मिस्त्रींनी हातात दिला. एका टोपीतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) पार झिजून गेलेल्या, ग्रीसचा थेंब नाही, आणि टोपीभोवती गंजाची तांबूस भुकटी. ही भुकटी बाहेरूनही दिसते. आता मी दर महिन्याला गाडी सपाट जागी लावतो, चाकांना दगड लावतो, खाली शिरून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघतो आणि ग्रीस गन मारतो. दहा मिनिटांचं काम आहे.

धागाकर्ते दादा, तुमच्या गाडीत ‘टक’ नसेल तर क्रॉस बहुधा नाही. पण बघून घ्या.

रत्नागिरी, मासळीची गाडी

मिरकरवाड्यावरून मासळी भरतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून सतत खाली गळतं, त्यामुळे आमच्याकडे लोखंड लवकर खातं.

आमची गाडी रिकामी असताना ‘कर्रऽ कर्रऽ’ करायची, भरली की गप्प. पाट्यांचे (चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बुश बदलले, शॅकलला ग्रीस मारलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी भावानं एक साधी गोष्ट केली. गाडी सपाट जागी लावून दोन्ही बाजूंना टायर आणि हौद्याच्या मधलं अंतर बोटांनी मोजलं. उजवीकडे दोन बोटं कमी! पाटे उतरवले तर सेंटर बोल्टच्या जागी दुसरा पाटा तुटलेला. यू बोल्टच्या आवळणीखाली लपला होता, वरून दिसत नव्हता. भार आला की तुकडे घट्ट दाबले जायचे म्हणून आवाज बंद व्हायचा. आम्ही त्याला गाडी सुधारली समजत होतो.

आता प्रत्येक खेपेनंतर खालून गोड्या पाण्यानं धुतो.

फलटणजवळ, दुधाची गाडी

मी आणि माझे दीर गाडी चालवतो, पहाटेची फेरी माझी. साडेचारला स्टार्ट केली की ‘फट-फट-फट’, आणि दुसऱ्या गावापर्यंत पोचते तोवर बंद. गॅरेज दहाला उघडतं. दहाला गाडी नेली की इंजिन गरम, आवाज नाही. त्यांनी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, पैसे दिले, दुसऱ्या पहाटे पुन्हा फट-फट.

मग मी पहाटेचा आवाज मोबाइलवर टिपला आणि फिटरभाऊंना ऐकवला. त्यांनी लगेच सांगितलं, “वहिनी, आज रात्री गाडी इथंच ठेवा.” सकाळी थंड इंजिन त्यांनी स्वतः सुरू केलं आणि मिनिटात सापडलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट (इंजिनमधून धूर जिथून बाहेर पडतो त्या सांध्यातली पट्टी) एका कोपऱ्यात जळलेलं, शेजारच्या स्टडवर काजळी. धातू तापला की फुगतो, फट बुजते आणि आवाज जातो. एवढंच होतं.

आवाज ज्या वेळी येतो, त्या वेळी गाडी कारागिरासमोर असली पाहिजे. त्यासाठी एक दिवस दुसऱ्या गाडीनं दूध घालावं लागलं तरी चालेल.

इस्लामपूर, बावीस वर्षं गॅरेज

गाडीवाले येऊन आवाजाची नक्कल करतात. त्यापेक्षा तो केव्हा येतो हे सांगा, आमचं निम्मं काम होतं.

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. घरघर ऐकू येते आणि क्लच दाबला की थांबते? गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग बघा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? मग क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून एकदा उतरवलाच तर क्लच प्लेटही बघून घ्यावी.

पावसाळ्यात सकाळी इंजिनचा पट्टा (फॅन बेल्ट) किंचाळतो. त्यावर थोडं पाणी टाका. आवाज क्षणभर गेला तर पट्टा झिजलाय किंवा पुली वाकडी आहे, वाढला तर पट्टा सैल आहे. पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवलं आणि आवाज तसाच राहिला तर शोध दुसरीकडे.

लांब स्क्रूड्रायव्हर धातूवर टेकवून मूठ कानाला लावायची, ही पद्धत आजही मी रोज वापरतो. अल्टरनेटर, वॉटर पंप वेगवेगळे ऐकू येतात. बाही सैल नको, पंख्यापासून लांब.

एक कळकळीची विनंती. जुन्या पंपाच्या गाडीत आम्ही इंजेक्टरची नळी सैल करून कुठला सिलिंडर ठोकतोय ते बघायचो. कॉमन रेल इंजिनवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबानं डिझेल मिळतं ते) ते कधीही करू नका. तिथं दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. हात गमावण्याची गोष्ट आहे. तिथं स्कॅनरच लावा.

जालना

मागून खडखड. शॉक अॅब्झॉर्बर दोन्ही नवे टाकले. खडखड तशीच. सीटमागचा जॅक त्याच्या जागेवर सैल झाला होता. आता आधी जॅक, पाना, फाळक्याच्या साखळ्या आणि स्टेपनी हातानं हलवून बघतो, मग गॅरेज.

आंबा घाटाच्या वरच्या अंगाला, नाव नको

माझा अनुभव लिहायला जड जातो. इंजिनच्या तळातून ‘ठक ठक’, अगदी खोल, अॅक्सिलरेटरबरोबर वाढणारी. ऑइलचा दिवा लुकलुकला. घर चौदा किलोमीटरवर होतं आणि मुलगी तापानं फणफणली होती, म्हणून मी थांबलो नाही. बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) फिरलं, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) खराब झाली, ब्लॉकही. तिथंच इंजिन बंद केलं असतं तर कदाचित बेअरिंगवर भागलं असतं. बाकी काही आवाजांत गाडी हळूहळू घरी आणता येते. हा आवाज आणि तो दिवा एकत्र आले तर थांबून इंजिन बंद करा आणि दुसऱ्या वाहनाला हात करा.

धागा सुरू करणारा, पुन्हा

सगळ्यांचं मनापासून वाचलं. इस्लामपूरच्या मिस्त्रींनी सांगितलं तसं आवाज ‘केव्हा’ येतो ते लिहून काढलं. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठवर नेऊन अॅक्सिलरेटर दाबला, सोडला. आवाज दोन्ही वेळा तसाच. क्राऊन-पिनियन असतं तर ओढ बदलल्यावर सूर बदलला असता. पुढची-मागची चाकं अदलाबदल केली, तरी आवाज मागूनच. म्हणजे टायरही नाही. मग रिकाम्या वळणांवर लक्ष दिलं. उजवीकडे वळताना ‘घूंऽऽ’ मोठा होतो, डावीकडे वळताना जवळजवळ जातो. उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर येतो.

वीस किलोमीटर चालवून उतरलो आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात नेला. उजवीकडे कोमट. डावीकडे तळहात ठेववेना. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर कट-कट लागतं, आणि वडिलांनी पाट्यावर बोट ठेवून मला चाक फिरवायला सांगितलं तेव्हा बोटाला खरखर जाणवली.

डिफरन्शियल उघडलं नाही. बेअरिंग आणि ऑइल सील आणलंय, उद्या सकाळी बसवतो. शनिवारी माळशेज उतरायचा आहे, 110 क्रेट.