बाळाच्या झबल्यासाठी सुती दोरा कोणता घ्यावा?

प्रश्न: भाचीच्या बाळासाठी क्रोशाचे झबले विणायचे आहे. मागे सुयांवर विणलेला सुती स्वेटर पहिल्याच धुण्यात गळ्यापाशी इतका ओघळला, की तो खांद्यावर राहीना. दुकानदार मर्सराइज्ड दोरा सुचवतात. तो घ्यावा का?

प्रतिसाद १: दोष तुमच्या हाताचा नसावा. लोकरीसारखा लवचिकपणा सुताला नसल्याने ताणलेला टाका मागे येत नाही, आणि ओले सूत जड होऊन स्वतःच्याच वजनाने लोंबते. मर्सराइज्ड दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झालेली असल्यामुळे तो चकाकतो, रंग पक्का धरतो आणि मजबूतही असतो. मात्र तान्ह्या अंगाला मला साधे, मऊ सूतच बरे वाटते. चकाकी रुमालाच्या लेसला शोभते.

प्रतिसाद २: सहमत. आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, सावलीत आडवा वाळवून मगच मापे घ्यावीत. दोऱ्याचे सगळे गुंडे एकाच घाण्यातले, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, हे लेबलवरील क्रमांकावरून पडताळावे.

प्रश्नकर्ती: आभार. गडद लाल घेतला तर?

प्रतिसाद २: ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोरा घासून पाहा, फडके गुलाबी झाले, तर बाळासाठी तो नको.