कुत्र्याचं जनुक आणि माणसातलं 'तेच' जनुक, मराठीत काय म्हणायचं?

टेकडीवाला: कुत्र्याच्या आणि माणसाच्या जनुकांवरचा एक लेख मराठीत करतोय, इथल्याच एका दिवाळी अंकासाठी. ऑर्थोलॉगला शब्द सुचवा. सध्या 'समतुल्य जनुक' लिहिलंय.

पेठकरीण: समतुल्य नको हो! त्यातून काम सारखं असा अर्थ निघतो, आणि इथे प्रश्न वंशाचा आहे. कुत्रा नि माणूस यांच्या जुन्या सामाईक पूर्वजाचं एक जनुक दोन्ही शाखांत उतरलं तर ते एकमेकांचे ऑर्थोलॉग, आणि जनुकाची कॉपी होऊन शेजारी दुसरं तयार झालं तर ते पॅरालॉग. उत्क्रांतीचा अभ्यासक वॉल्टर फिचने १९७० मध्ये हे दोन शब्द वेगळे पाडले ते काही उगाच नाही.

लॅबवाली: समजात चालेल की मग

पेठकरीण: समजात म्हणजे होमोलॉगस, एका मूळ जनुकातून आलेली सगळीच, त्यात दोन्ही आले. पिष्ट पचवणारं अमायलेज घ्या ना, लांडग्यात एएमवाय२बी या जनुकाच्या २ प्रती आणि २०१३ च्या अभ्यासात कुत्र्यांत ४ ते ३० सापडल्या, हे स्वादुपिंडातलं. माणसात प्रती वाढल्यात त्या लाळेतल्या एएमवाय१ च्या, जे आपल्याच शाखेत कॉपी होऊन आलंय. म्हणजे पिष्ट दोघांनीही खाल्लं पण वाढलेलं जनुक वेगळं. 'समतुल्य' असा तक्ता केलात तर कोणीही या दोघांची जोडी लावून मोकळं होईल.

लॅबवाली: आमची कुत्री ज्वारीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रासुद्धा सोडत नाही, ते हे होय 😄

डेक्कनकर: गुणसूत्राच्या नंबरावरूनही जुळवू नका, कुत्र्यात ३९ जोड्या, आपल्यात २३. हेच अमायलेज कुत्र्यात ६ नंबरवर, माणसात १ वर. आणि ऑर्थोलॉग असला म्हणून आजारही तोच असं नाही. डॉबरमनमधल्या नार्कोलेप्सीचं (दिवसाही अनावर झोप येण्याचा आजार) जनुक १९९९ मध्ये सापडलं, हायपोक्रेटिन या जागं ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा संदेश पकडणाऱ्या रिसेप्टरचं. माणसाच्या नार्कोलेप्सीत ते जनुक बहुतेक वेळा धडधाकट असतं, हायपोक्रेटिन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशीच गेलेल्या असतात.

टेकडीवाला: भारी, हे घेतोच लेखात. मग ऑर्थोलॉग 'शाखाजात' आणि पॅरालॉग 'प्रतिजात'?

पेठकरीण: शाखाजात आवडला. पहिल्यांदा येईल तिथे कंसात ऑर्थोलॉग टाका.

लॅबवाली: प्रतिजात वाचून मला जातप्रमाणपत्राची रांग आठवली

पेठकरीण: नवजात, अभिजात चालतं ना, मग हेही चालेल. वापरा बिनधास्त.