मोतीबिंदूनंतर लख्ख दिसतंय, पण डोळा खुपतो आणि पाणीही वाहतं. असं का?

शिवणकामवाली, जळगाव:
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. सुईत दोरा पुन्हा ओवता येतोय, याचा आनंद काय सांगू! पण दुपारनंतर डोळ्यात कण गेल्यासारखं खुपतं, आणि काजं करायला बसलं की पाण्याची धार लागते. डॉक्टरांनी तपासलं. लेन्स जागेवर आहे, डोळा कोरडा पडलाय म्हणाले. एवढं पाणी येतंय तर कोरडा कसा? डाव्या डोळ्याचं व्हायचंय, त्याची धास्ती बसलीय.

निवृत्त ऑप्टोमेट्रिस्ट:
ताई, पाणी येणं हे कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. हा थर विरला की अश्रू लगेच सुकतात, बुबुळ उघडं पडून झोंबतं आणि डोळा भराभर पाणी सोडतो. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर ठरत नाही.

ऑपरेशनला बुबुळाच्या कडेशी दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात. तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही काळ पापण्या कमी मिटतात आणि अश्रूही कमी येतात. त्यात थेंबांमधलं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. बेंझाल्कोनियम क्लोराइड असेल तर ते बुबुळाच्या पृष्ठभागाला त्रास देतं. बहुतेकांना तीनेक महिन्यांत आराम पडतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू चालतील का, डॉक्टरांना विचारा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. ऑपरेशनचे थेंब मात्र मनाने बंद करू नका.

डाव्या डोळ्याबद्दल कळकळीने सांगतो: लेन्सचा नंबर काढण्याआधी कोरडेपणा तपासून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, ती किती भिजली ते बघतात. बुबुळ कोरडं असेल तर त्याच्या गोलाईचं माप चुकतं आणि लेन्सचा नंबरही चुकू शकतो. आधी कोरडेपणावर उपचार, मग माप. महिनाभर उशीर झाला तरी चालेल.

नागपूरकर:
आमच्या बाबांचंही असंच होतं. कूलरचा झोत थेट तोंडावर यायचा. खाट भिंतीकडे सरकवली, तेव्हा सकाळची चुरचुर बरीच कमी झाली. तुमचं मशीन पंख्याखाली आहे का?

शिवणकामवाली, जळगाव:
अगदी खाली! आणि काजं करताना मी पापणीच मिटत नाही, हे आज सुनेने शेजारी बसून बघितलं. उद्याच मशीन खिडकीशी नेते. गरम पाण्याच्या घड्या ठेवू का?

निवृत्त ऑप्टोमेट्रिस्ट:
तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर घड्यांचा उपयोग होतो, पण नुकतं ऑपरेशन झालंय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. डोळा चोळायचा तर अजिबात नाही. आणि दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर तो कोरडेपणा समजून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रविवार असला तरी.