वडिलांचे गप्प होणे ‘वय झाले’ म्हणून सोडून द्यावे का?

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत. आई जाऊन आठ महिने झाले. त्यांनी दुःखाचा शब्दही काढलेला नाही, मात्र पाठदुखी, अपचन आणि पहाटे तीनलाच जाग येणे यांच्या तक्रारी रोजच्या झाल्या आहेत. वर्तमानपत्रातले शब्दकोडे हल्ली कोरेच राहते. नातेवाईक म्हणतात, या वयात असे व्हायचेच. हे नैराश्य असेल का?

उत्तर १: असू शकते. उतारवयातील नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी अंगदुखी, निद्रानाश किंवा विसराळूपणाच्या रूपात दिसते, आणि मन मोकळे करणे म्हणजे दुबळेपणा असे मानत आलेला माणूस डॉक्टरांसमोरही दुखरी पाठच तेवढी सांगतो. वृद्धांसाठीच्या नैराश्य-मापनश्रेणीच्या संक्षिप्त आवृत्तीत १५ ‘हो-नाही’ प्रश्न असून त्यांत शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत. त्यावरून निदान ठरत नाही, पण बोलण्याला वाट मिळते. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व हेही तपासून घ्यावे.

उत्तर २: जगणे नकोसे वाटते का, हे त्यांना एकांतात सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उत्तर ३: सवय लागेल या भीतीने माझ्या आईने नैराश्यावरच्या गोळ्या दोन आठवड्यांत सोडल्या होत्या. त्यांचा गुण यायला सहसा चार ते सहा आठवडे, वृद्धांत कधी त्याहून अधिक लागतात, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. काही गोळ्यांनी रक्तातील सोडियम उतरते, म्हणून तेही तपासावे लागते. समुपदेशनाचाही उपयोग होतो. मात्र ऐकू कमी येत असेल, तर आधी श्रवणयंत्राचे पाहा.