अनुभव धागा : तुमच्याकडची थंडी, तुमच्या दारातला बर्फ

मुलुंडकरीण :
बाटलीतलं खोबरेल थिजलं की आमच्याकडे हिवाळा आला असं धरतात. आता खोबरेल थिजतं २४ अंशांच्या आसपास, यावरून आमची थंडी कुठून सुरू होते ते ओळखा. पारा १६ वर आला की वॉचमन शेकोटी पेटवतो, परळच्या स्वेटरवाल्यांकडे गर्दी उसळते आणि लोकलच्या खिडक्या धडाधड खाली येतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले होते. जुनी मंडळी अजून त्या थंडीच्या गोष्टी रंगवून सांगतात. माझी भाची जानेवारीत माँट्रियलला शिकायला जातेय, म्हणून हा धागा. गुलमर्गचे फोटो नकोत. जे बर्फात राहिलेत, ज्यांनी सकाळी उठून तो उपसलाय, त्यांनी लिहा.

बोरिवली_पूर्व :
मुंबईची थंडी एक नाही हो ताई. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, तिथे रात्रीही पारा फार उतरत नाही. आमच्याकडे नॅशनल पार्कच्या कडेला, आरेत, तिकडे कर्जत-बदलापूरला पहाट चांगली बोचरी असते. उत्तरेत पाऊस-बर्फ आणणारा पश्चिमी झंझावात पुढे सरकला, उत्तरेचे वारे इथवर आले की दोन-चार दिवस मजा. त्यातही समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं तर दुपारी ३३-३४. सकाळी मफलर, दुपारी एसी. बर्फाबद्दलचं माझं ज्ञान फ्रीजरपुरतं, म्हणून इथेच थांबतो.

गिरगाव_ते_बफेलो :
आमच्या बफेलोत (अमेरिका, न्यूयॉर्क राज्य) बर्फ थंडीपेक्षा तळ्यामुळे पडतो. ईरी सरोवराचं पाणी नोव्हेंबरात अजून उबदार असतं. त्यावरून गार वारा लांबीच्या दिशेने आला की वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आल्याबरोबर सगळी ओततो. पट्टा इतका अरुंद की २०१४ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांच्या वर बर्फ पडला आणि शहराच्या उत्तरेला जेमतेम काही इंच. अंगणातून त्या पट्ट्याची पांढरी भिंत दिसते, पण अंगणात ऊन असतं.

इथे शिकलेल्या गोष्टी. बर्फ थांबायची वाट बघायची नाही, दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा काढायचा. ओला बर्फ भयंकर जड असतो. फावडं उचलून फेकण्यापेक्षा ढकलत न्यायचं. बैठं काम करणारी, पन्नाशी ओलांडलेली माणसं अचानक जोर लावतात आणि दर हिवाळ्यात त्यात हृदयविकाराचे झटके येतात, त्यामुळे छातीत जडपणा वाटला तर शेजारच्या पोराला पैसे द्या. घर गरम करणाऱ्या भट्टीची नळी भिंतीतून बाहेर निघते, तिचं तोंड आधी मोकळं करायचं. गाडीचंही तसंच. सायलेन्सर बर्फात गाडलेला असताना इंजिन सुरू करून आत ऊब घेत बसलं तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नाही. माणूस झोपेतच जातो.

डॅलसची_वहिनी :
बफेलोकर, तुमच्या पाच फुटांपुढे आमचे काही इंच ऐकून हसाल. पण फेब्रुवारी २०२१ ला टेक्सासमध्ये त्या थोड्या बर्फाने हाल केले, कारण इथे कशाचीच तयारी नव्हती. घरं उष्णता बाहेर टाकायला बांधलेली, पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून, काही तर माळ्यावरून. बर्फ काढणाऱ्या गाड्या मोजक्याच. त्यात विजेची मागणी वाढली आणि गॅसच्या विहिरी, वीजकेंद्रं गारठून बंद पडली. लाखो घरं अंधारात. आमच्या गल्लीत एकाच्या छतातून धबधबा. पाइप गोठतो तेव्हा कळत नाही, वितळायला लागला की कळतं.

तेव्हापासून गोठण्याचा इशारा आला की नळ बारीक धारेवर सोडते, सिंकखालची कपाटं उघडी ठेवते म्हणजे खोलीची ऊब पाइपला लागते, आणि बादल्या, पातेली, टब भरून ठेवते. पाणी येणार नाही म्हटल्यावर भांडी भरायची सवय डोंबिवलीतच लागलेली! आणि कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही म्हणजे नाही. त्या आठवड्यात इथे त्यानेही माणसं गेली.

फौजी_सातारा (सध्या कल्याण) :
वहिनींनी शेवटी लिहिलंय ते दहा वेळा वाचा. कारगिलजवळ द्रासला आमच्याकडे रॉकेलची बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असायची. झोपताना ती विझवायची हा हुकूम, कितीही गारठा असो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त पर्यटक मेले, तेही गाडीच्या धुरानं मेल्याचं बोललं गेलं.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडीचा काळ. तेव्हा थंडीपेक्षा घाम वैरी. चढताना घाम आला, थांबल्यावर तोच गार झाला की माणूस कापायला लागतो. म्हणून एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ पातळ थर घालावेत, काढता-घालता येतात. मोजे ओले झाले की तिथंच बदलायचे. बोटं पांढरी पडली, बधिर झाली तर चोळू नका, बर्फानं तर अजिबात नाही, कातडी आतून फाटते. कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरकडं न्या. उघड्या हातानं लोखंड धरायचं नाही.

निफाडकर :
आमच्याकडं बर्फ पडत नाही, पण पारा चार-पाचवर आला की झोप उडते. द्राक्षाचे मणी फुगायचे थांबतात, साखर भरत नाही, रात्री गारठा अन् दिवसा ऊन झालं की मणी तडकतात. मग पहाटे बांधाला शेकोट्या, धूर बागेवर राहील अशा. ठिबक पहाटेच सोडायचं, विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. मुंबईकर या थंडीला गुलाबी म्हणतात. म्हणोत.

नागाओका_जपान :
सायबेरियाचं वारं जपानच्या समुद्रावरून ओलं होऊन आमच्या डोंगरांना अडतं. त्यामुळे इकडे छपराइतका बर्फ आणि त्याच दिवशी डोंगरापलीकडे टोकियोत कोरडं ऊन. इथे रस्त्याच्या मधोमध नळ्या बसवल्यात, त्यातून भूगर्भातलं पाणी कारंज्यासारखं उडतं आणि बर्फ विरतो. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस झालेत. छपरावरचा बर्फ मात्र माणसालाच काढावा लागतो. दर वर्षी म्हातारी माणसं पडून मरतात, म्हणून एकट्याने चढू नये, दोर बांधावा.

मुलुंडकरीण :
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाचीचा एकच प्रश्न उरलाय, जॅकेट आणि बूट परळहून घ्यायचे की तिकडे?

माँट्रियल_१२वा_हिवाळा :
ताई, तिथून स्वेटर, थर्मल, लोकरीचे मोजे पाठवा, पैसे वाचतील. जॅकेट आणि बूट इथेच घ्यायचे. उणे २० ला रस्त्यावरचं मीठही नीट काम करत नाही, बारीक खडी टाकतात, त्यावर मुंबईचा तळवा घसरतो. मेट्रो पूर्ण जमिनीखाली आहे, त्यामुळे कॉलेजपर्यंत फार चालावं लागणार नाही. गाडी घेऊ नको म्हणावं. बर्फ उचलायचे ट्रक येण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा गाडी हलवली नाही तर ओढून नेतात, शिवाय १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. आणि बूट एक नंबर मोठा घ्यायला सांगा. जाड मोज्यांवर घट्ट बूट चढवला तर रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात.